हलू नकोस

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर वास आला आणि मी थांबले. मंगळवार, सकाळचे साडेनऊ, जुन्या शहरातली दगडी गॅलरी, आणि जिन्यात चक्क शनिवारचा वास. तापलेल्या केसांचा. थोडा जळका, थोडा दालचिनीच्या क्रीमचा आणि त्याखाली ओल्या टॉवेलचा. सान्तो दोमिंगोतल्या कुठल्याही बाईला डोळे बांधून या जिन्यात उभं केलं असतं तरी तिनं सांगितलं असतं, वर कुणाचे तरी केस सरळ होतायत. पण वर कुणी असायला नको होतं. वर फक्त माझं काम होतं. परवा उद्घाटन, झोप पुरेशी झालेली नाही, नाकाला भास होतायत, असं मी स्वतःला बजावलं आणि चढत राहिले. माझं नाक मात्र माझ्यापेक्षा हुशार आहे. चालायला लागले तेव्हापासून ते या वासाला ओळखतं, आणि दर पायरीला ते सांगत होतं, भास नाही देया, भास नाही.

दालनाच्या मध्यावर, लोखंडी पायांवर, माझं डोकं उभं होतं. माझं म्हणजे मी केलेलं. माझ्याहून हातभर उंच, दाराकडे पाठ केलेलं. चेहरा नाही, मान नाही, कान नाहीत, नुसते केस. आत तारेचा सांगाडा, त्यावर जाळी, आणि जाळीच्या प्रत्येक घरात टाचलेला घट्ट कुरळ्या केसांचा झुबका. चौदा वर्षं वाढवलेले माझे केस गेल्या वर्षी मी मुळापासून कापले ते यासाठी. ते पुरले नाहीत तेव्हा आमच्या लोस मिना वस्तीतल्या चाळीसेक बायकांनी आपापले दिले. सात महिने मी रोज सुई घेऊन बसत होते. रविवारी संध्याकाळी शेवटचा टाका घातला, चारी बाजूंनी फिरून बघितलं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या. उगाच विनयाचा आव आणणं मला जमत नाही. काम चांगलं झालं की मला कळतं, आणि हे झालं होतं. काळंभोर, दाट, खिडकीतला उजेड आत ओढून घेणारं. समोर उभं राहिलं की वाटायचं, आपण कुणाच्या तरी मागे उभ्या आहोत आणि ती आता वळणार आहे.

आता त्याची उजवी बाजू सरळ झाली होती. डोक्याच्या बरोबर मध्यावरून भांग पाडलेला. भांगाच्या डावीकडे मी सोडले होते तसे केस, आणि उजवीकडे खाली लोंबणारे, चकचकीत, सगळे एका दिशेनं निघालेले. वर दोन चिमटे तसेच राहून गेले होते. आणि टोकं आत वळवलेली. टोकं अशी आत वळवणारी बाई या शहरात एकच आहे. माझ्या तोंडातून आधी निघाली ती शिवी, आणि मग निघालं ते "आई!"

"बाई, आधी पाणी प्या," दाराशी खुर्चीवर बसणारी राखणदारीण नेरेयदा ग्लास घेऊन पुढे आली. बहुतेक ती सकाळपासून तो ग्लास भरूनच बसली होती.

"पाणी नको. सांग."

"रागावणार नाही ना?"

"रागावणार आहे. सांग."

"काल सोमवार, आपण बंद. बाराच्या सुमाराला तुमच्या आई आल्या, तुमच्यासाठी डबा घेऊन. उकडून कुस्करलेली कच्ची केळी, वर कांदा, तळलेलं चीज. म्हटलं, बाई नाहीत आज. तर म्हणाल्या, काम तरी बघते. बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग भिंतीवरची पाटी वाचली. हळूहळू, बोट लावून. मला विचारलं, उद्घाटन कधी? मी म्हटलं, गुरुवारी. 'गुरुवारी!' एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. तासाभरानं परत आल्या त्या मोठी पिशवी घेऊन. ड्रायर, ब्रश, टॉवेल, सगळं. म्हणाल्या, 'पोरीचं काम अर्धवट राहिलंय. तिला एकटीला काय काय जमणार? मी उरकून देते.'"

"आणि तू उरकू दिलंस."

"बाई, सोळा वर्षं मी तुमच्या आईंकडे, डोन्या फेमियांकडे, केस करून घेते. मी त्यांना 'हात लावू नका' म्हणू? आणि..." तिनं ग्लास या हातातून त्या हातात घेतला. "माफ करा हं, पण मलाही तसंच वाटलं. मला वाटलं, धुऊन सोडलेत, आता बाई रोलर लावतील."

मला हसू आलं. रागाच्या मध्यावर हसू येणं हा आमच्या घराण्याचाच दोष आहे.

"मग अर्धंच का?"

"साडेपाचला लाईट गेली," नेरेयदा म्हणाली. "तासभर वाट बघितली बिचाऱ्यांनी. गॅलरीच्या बॅटरीवर दिवे चालतात, ड्रायर कुठला चालणार? जाताना म्हणाल्या, देयाला सांग, बुधवारी येऊन दुसरी बाजू करते." मग तिनं आवाज उतरवला. "आणि बाई, त्या त्याच्याशी बोलत होत्या."

"कुणाशी?"

"डोक्याशी. 'बस, झालंच, झालंच राणी.' मी म्हटलं, डोन्या फेमिया, त्याला ऐकू येत नाही. तर माझ्यावरच डाफरल्या. 'तू गप बस, माझ्या हातात गरम आहे.'"

माझ्या हातात गरम आहे. हे वाक्य मी किती हजार वेळा ऐकलं असेन. लोस मिनात आमच्या घराची पुढची खोली म्हणजे 'सलोन फेमिया': तीन खुर्च्या, दोन टोपीवाले ड्रायर, आणि शनिवारी सकाळपासून दारापर्यंत बायका. टोपीखाली बसलेल्या बाईला ऐकू येत नाही, म्हणून ती ओरडून बोलते. तिच्याशी बोलणारी त्याहून मोठ्यानं ओरडते. मागे चुलीवर घेवडा शिजतोय, त्याच्याही वर ओरडायचं. त्या गोंगाटात मी वाढले आणि त्यातच शिकले की केसांच्या दोन अवस्था असतात, झालेले आणि व्हायचे. धुतलेले, ओले, आपापल्या वळणानं उभे राहिलेले केस म्हणजे व्हायचे केस. त्या अवस्थेत कुणी रस्त्यावर येत नाही, फोटो काढत नाही, पाव आणायलासुद्धा जात नाही. तसल्या डोक्यानं दारात उभं राहणं म्हणजे परकरावर बाजारात जाणं. देवानं एवढे शनिवार दिलेत ते त्यासाठीच, असं आईला अगदी मनापासून वाटतं. ती तिरस्कारानं बोलत नाही, हे मला बाहेरच्या लोकांना कधीच समजावता आलेलं नाही. परदेशात मुलाखती घेणाऱ्या हुशार मुली विचारतात, तुमच्या आईनं तुम्हाला स्वतःची लाज बाळगायला शिकवलं का? मी काय सांगू? माझ्या आईनं मला गुळगुळीत केसांनी शाळेत पाठवलं, कारण तिच्या आईकडे तिला तसं पाठवायला वेळ नव्हता. तिच्या दृष्टीनं तो लाड होता. चार तास उभं राहून केलेला लाड. पाय सुजायचे तिचे.

आणि कान. आठ वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी माझा पहिला प्रसाद, म्हणजे फर्स्ट कम्युनियन, चर्चमध्ये पांढरा झगा घालून रांगेत उभं राहायचं. लहान मुलींच्या केसांवर रोलर धरत नाही, म्हणून आमच्यासाठी गॅसवर तापवलेली लोखंडी फणी असायची. आई एका हातानं कानाची वरची कड खाली दुमडून धरायची, दुसऱ्या हातात फणी, आणि तोंडानं सारखं: हलू नकोस, हलू नकोस, माझ्या हातात गरम आहे. मला दारातला उन्हाचा चौकोन आठवतो. त्या चौकोनात कुणीतरी आलं, कोण ते आठवत नाही, आणि उन्हाचा चौकोन काळा झाला. मग उजव्या कानावर एकदम काहीतरी पांढरं. दुखणं नंतर आलं, आधी तो पांढरा रंग आला. मग आईचा आवाज: "हललीस! सांगितलं होतं ना, हलू नकोस!" कानाला टूथपेस्ट फासली, वर रुमाल बांधला. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत माझी मान उजवीकडे झुकलेली आहे आणि सरळ केसांचा एक पडदा कानावरून खाली आलाय. अगदी भक्तिभावानं झुकलेली दिसते. तो फोटो अजून दुकानात आरशाच्या वर टांगलेला आहे. आणि एकोणचाळीस वर्षं त्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येक पोरीला आई तो दाखवते. हलू नकोस बाळा, बघ, देया हलली होती, बघ काय झालं. लोस मिनातल्या दोन पिढ्यांच्या पोरी मला ओळखतात ते चित्रकार म्हणून नव्हे. रस्त्यात त्यांच्या आया दाखवतात, हीच ती, हललेली.

तर मी हलले, हे मला आयुष्यभर माहीत आहे. त्यातून मी एक गोष्ट पक्की शिकले, हलायचं नाही. तशी मी प्रसिद्धच आहे त्यासाठी. कला महाविद्यालयात मास्तर म्हणाले, केस हा काय विषय आहे का, समुद्र काढ, नारळ काढ, पर्यटक घेतील. मी हलले नाही. बत्तिसाव्या वर्षी फणी, क्रीम, ड्रायर सगळं बंद केलं आणि जे डोक्यावर उगवलं ते उगवू दिलं, तेव्हा बँकेतल्या बाईनं मला विचारलं की घरी कुणी वारलं का. तरी हलले नाही. आईनं त्या वेळी एवढंच म्हटलं, "दुकान भरलेलं असतं गं शनिवारी. जरा मागच्या दारानं येत जा." मी मागच्या दारानं यायला लागले. चौदा वर्षं मागच्या दारानंच गेले. तिनंही कधी म्हटलं नाही की पुढून ये, आणि मीही हट्टानं पुढून गेले नाही. गेल्या वर्षी केस कापून बोटभर केसांचं डोकं घेऊन गेले, तर तिनं सुटकेचा श्वास सोडला. "चला, गुंता तरी गेला." त्या केसांचं मी काय करतेय ते तिनं विचारलं नाही. मी सांगितलं ते एवढंच, की केसांचं मोठं काम चाललंय. तेवढ्यावर ती खूश झाली. गल्लीत सगळ्यांना सांगत सुटली, माझी पोरगी शेवटी आली बाई केसांच्याच धंद्यात.

दहा वाजता ग्रिसेल आली. हे प्रदर्शन तिनं मांडलं आहे. वयानं माझ्याहून वीस वर्षं लहान, डोक्यानं तेज, आणि बोलताना हात असे उडवते की जवळच्या वस्तू आधीच बाजूला ठेवाव्या लागतात. तिनं दारातून पाहिलं आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मला वाटलं, आता रडणार. तर ती म्हणाली, "देया, हे अफाट आहे."

"हे माझ्या आईनं केलंय."

"म्हणूनच! अगं, दोन पिढ्यांचा संवाद आहे हा. बरोबर भांगावर! एक बाजू तुझी, एक तिची. आपण पाटीवर दोघींची नावं घालू. टीव्हीवाले वेडे होतील."

"संवाद कुठे झालाय, ग्रिसेल? लाईट गेली."

"तेच तर सुंदर आहे!"

"तिला पुढचं करायचं होतं. तिला वाटतंय ते अर्धवट राहिलं. तू गुरुवारी तिच्या अर्धवट कामाभोवती शंभर माणसं उभी करणार आणि ती म्हणणार, वा! आणि माझी आई कोपऱ्यात उभी राहून विचार करणार की ही माणसं माझ्या पोरीला हसतायत की मला."

"पण कलाकृती म्हणून..."

"कलाकृती म्हणून ते रविवारी पूर्ण झालं होतं. ते मी केलंय, कधी पूर्ण झालं ते मी ठरवते. उद्या संध्याकाळपर्यंत ते पुन्हा तसं असेल."

"आणि नाही झालं तर? भाजलेले केस परत वळतात का?"

या मुलीच्या तेज डोक्याचा मला कधीकधी फार त्रास होतो. सगळे वळत नाहीत. पाणी लागलं की सरळ केलेला केस आपल्या मूळ वळणावर परत येतो, पण मर्यादेबाहेर तापला तर आतून मरतो आणि मग जन्मभर सरळ राहतो, दोरीसारखा. नवे केस उगवण्याची सोय माझ्या डोक्यावर आहे, त्या जाळीवर नाही. सात महिने आणि त्याआधीची चौदा वर्षं, आणि परवा उद्घाटन. ग्रिसेल फोनवर बोलत बाहेर गेली आणि मी हात धुऊन नुकसान तपासायला त्या सरळ बाजूपाशी गेले. प्रत्येक झुबका बोटांत धरून बघत होते. वरचे बरे होते. कपाळाकडचे बरे होते. हात चांगला आहे तिचा, मी मनात म्हटलं, चौऱ्याहत्तराव्या वर्षी चार तास उभी राहिली आणि एकही टाका तुटू दिला नाही. मग बोटं बाजूला गेली, जिथे माणसाला कान असतो तिथे, आणि त्यांना कापड लागलं.

केसांचा पडदा वर केला. आत, जाळीला दोन काळ्या पिनांनी टोचून बसवलेला, चार पदरी दुमडलेला एक छोटा टॉवेल होता. आईच्या दुकानातला, कडेला फिकट निळी रेघ असलेला. अजून दमट होता. कानाच्या जागी, कानाच्या आकाराचा दुमडलेला.

त्या डोक्याला कान नाहीत. मी केलेच नाहीत. मी तिथेच, एका हातात केसांचा पडदा धरून, उभी राहिले. नेरेयदानं दारातून विचारलं, "काय झालं बाई, जळलं का?" मी म्हटलं, नाही, काही नाही. माझा राग मला चांगला ओळखीचा आहे, तो आला की मी त्याला बसायला खुर्ची देते. या वेळी तो आला, बसला आणि मग उठून कुठे गेला ते कळलंच नाही. नुसतं वाईट वाटत राहिलं, कुणाबद्दल तेही धड ठरेना.

दुपारी मी शेअर टॅक्सीनं पूल ओलांडून लोस मिनाला गेले. मागच्या बाजूला मंगळवारी नुसतं पत्र्याचं दार आणि कोंबड्या असतात. मी पुढून गेले. एकच गिऱ्हाईक होतं, टोपीखाली झोपलेलं. आई खुर्चीत बसून पिना डबीत लावत होती. तिनं मला पुढच्या दारात पाहिलं आणि डबी बाजूला ठेवली.

"आली का लाईट तिकडे?"

"आली."

"उद्या सकाळी येते. दुसरी बाजू पटकन होईल, आता हात बसलाय. तुझे जाळीवरचे टाके मजबूत आहेत हं. कुणी शिकवलं?"

"तूच." मी तिच्यासमोरच्या खुर्चीत बसले. आरशात आम्ही दोघी आणि वर आठ वर्षांची ती मान कललेली. "आई, ते झालेलं होतं."

"काय?"

"काम. रविवारीच झालं होतं पूर्ण. मी केस तसेच ठेवणार होते. मुद्दाम."

टोपीचा घरघर आवाज तेवढा चालू होता. मग तिनं गुडघ्यावरचं फडकं उचललं, झटकलं आणि पुन्हा तसंच ठेवलं.

"म्हणजे मी बिघडवलं."

"परत येईल. पाणी मारलं की."

"मला वाटलं, तुला वेळ पुरला नाही." तिचा आवाज बारीक झाला होता. माझ्या आईचा आवाज बारीक झालेला मी फार कमी वेळा ऐकलाय. "मोठमोठे लोक येणार. म्हणतील, फेमियाची पोरगी, आणि धुतलेलं डोकं तसंच उभं केलंय. आणि ती पाटी. माझंच वाक्य लिहिलंयस भिंतीवर. हलू नकोस. मला वाटलं, पोरगी मला बोलावतेय. सरळ म्हणवत नसेल, म्हणून लिहून ठेवलंय."

ते वाक्य मी भिंतीवर लिहिलं तेव्हा मला ते फार धारदार वाटलं होतं. कुणावर धरलेलं, ते सांगायची गरज नव्हती. आणि तिनं ते बोट लावून वाचलं, आणि पिशवी भरून आली. मला माझ्या हुशारीची शरम वाटली. थोडीशीच, पण वाटली.

"उद्या ये," मी म्हटलं. "पण ड्रायर नको आणूस. पाण्याची बाटली आण. तुझ्याएवढं नीट मला नाही जमणार."

"पाणी!" आई म्हणाली. टोपीखालची बाई दचकून जागी झाली. "पन्नास वर्षं मी पाण्यापासून केस वाचवतेय, आणि ही मला सांगते पाणी आण." पण ती उठून बाटल्या शोधायला लागली होती.

बुधवारी ती माझ्याआधी येऊन बसली होती. उद्घाटनासाठी तिचे स्वतःचे केस रोलरमध्ये, वर जाळी, वर रुमाल, त्याच्यावर पावसाची प्लास्टिकची टोपी, कारण आज पाण्यात काम. नेरेयदाशी तिचं भांडण झालेलं दिसत होतं आणि मिटलेलंही. आधी ती डाव्या बाजूला गेली. तिथल्या केसांसमोर उभी राहिली आणि दोन्ही हात मनगटापर्यंत आत घातले.

"हे तुझे?"

"बरेचसे."

"आठ वर्षांची होतीस, त्यानंतर मी असे नीट बघितलेच नाहीत." तिनं हात बाहेर काढले नाहीत. "माझ्या आईचे अस्से होते. यात शिसपेन्सिल हरवायची."

मग आम्ही कामाला लागलो. मी मागच्या बाजूनं, ती पुढच्या बाजूनं, मध्ये ते उंच डोकं. मला तिच्या फक्त चपला दिसत होत्या आणि बाटलीचा फस्स फस्स आवाज यायचा. सरळ केलेल्या केसाला पाणी लागलं की आधी काहीच होत नाही. थेंब नुसते वरून ओघळतात. मग टोकाला हालचाल सुरू होते, आत वळवलेलं टोक आणखी वळतं, मग त्याच्या वरचं, आणि बघता बघता सगळी बट आखडत, वर चढत, आपल्या जागी जाऊन बसते. मी हे माझ्या डोक्यावर हजारदा अनुभवलंय, समोर उभं राहून कधी बघितलं नव्हतं. पलीकडून आईचा आवाज आला, "अगं बघ, बघ, चालले! चार तास घातले मी यांच्यावर, आणि चालले परत! निर्लज्ज कुठले!" आणि ती हसायला लागली. नेरेयदाही हसायला लागली. ग्रिसेल दारात येऊन उभी राहिली होती, तिनं एकदाचे हात खाली ठेवले.

"ही बट नाही यायची," थोड्या वेळानं आई म्हणाली. "जरा जास्त तापवली मी. कापून टाकू?"

"किती आहे?"

"दोन बोटं रुंद."

"राहू दे. मी आतल्या बाजूला दाबते."

"कशाला दाबतेस? मी केलीय, दिसू दे."

मी दाबली नाही. अकरा वाजेपर्यंत उजवी बाजू पुन्हा काळीभोर आणि दाट झाली, उजेड आत ओढून घेणारी, आणि तिच्यात एकच सरळ धार खाली आलेली. मी मागे सरकून बघितलं. रविवारइतकंच चांगलं होतं. खरं सांगायचं तर थोडं जास्तच, पण ते ग्रिसेलला सांगायची मला घाई नव्हती.

"टॉवेल काढते हं," आई पलीकडून म्हणाली. केस वर चढल्यामुळे तो आता दिसायला लागला होता, निळ्या रेघेचा, दुमडलेला.

"नको."

"अगं, डाग आहे त्याच्यावर. क्रीमचा."

"असू दे. तो राहणार आहे."

"लोक विचारतील, हे काय."

"विचारू देत."

बाटलीचा आवाज थांबला. तिच्या चपला जागच्या जागी होत्या. मला वाटलं, दमली, खुर्ची द्यावी. मी नेरेयदाला खूण करणार तेवढ्यात आई म्हणाली, "दारात शेजारची रोमेलिया आली होती."

"कुठे? आत्ता?"

"त्या दिवशी. तुझ्या प्रसादाच्या आदल्या दिवशी. नव्या चपला घेतल्या होत्या तिनं, लाल, टाचेच्या. दारात उभी राहून पाय पुढे करून म्हणाली, फेमिया, बघ. आणि मी बघितल्या."

त्या डोक्यापलीकडे ती कुठल्या बाजूला बघत होती ते मला दिसत नव्हतं. दिसत होत्या त्या तिच्या चपला, घरातल्या, झिजलेल्या.

"तू हलली नव्हतीस, देया," आई म्हणाली. "दगडासारखी बसली होतीस तू."

मला खूप काही म्हणायचं होतं. एकोणचाळीस वर्षं, आरशावरचा तो फोटो, लोस मिनातल्या सगळ्या पोरी, हीच ती हललेली. मी बाटली जमिनीवर ठेवली आणि वळसा घालून पलीकडे गेले. आई तिथे प्लास्टिकच्या टोपीत उभी होती, बाहेर ऊन पडलेलं, आणि तिच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. नुसता हात वर केला आणि माझ्या उजव्या कानावर ठेवला, वरची कड खाली दुमडून, नेहमी धरायची तसा. मी मान त्या हातात सोडून दिली. हात ओला होता, आणि गार.